कुंडलिक मास्तरांची राहिलेली सावड

पाली गावच्या वरच्या अंगाला, राजगड जिथं थेट अंगावर येतो, तिथल्या वाडीत कुंडलिक सोनबा रेणुसे जन्मला. पोरपणी म्हशी राखल्या, आणि पुढं शिक्षणातली अशी एक पदवी घेऊन आला की तिचं नाव वाडीतल्या एकालाही धड घेता येत नव्हतं. वाडीतला गेनू तिला 'मास्तरांच्या मास्तरकीची परीक्षा' म्हणायचा. ते काही चूक नव्हतं. मोठ्या माणसांना, मिशा पिकलेल्या बाप्यांना आणि लेकुरवाळ्या बायांना शिकवायचं कसं, आणि तसं शिकवणाऱ्या मास्तरांवर देखरेख करायची कशी, याचंच ते शिक्षण. कुंडलिकराव त्यात नाव काढून आले. पण वाडीतल्या ज्या फुलाबाईला शिकवता शिकवता त्यांना हे शिक्षण सुचलं, तिची पोथी काही पुरी झाली नाही.

बाप सोनबा. त्याचा मावसभाऊ भोरला पागेत घोड्यांना खरारा करायचा. सोनबा एकदा तांदूळ घेऊन भोरच्या बाजाराला गेला आणि येताना पोरगं तिथंच ठेवून आला. "घोड्यांत एक शिंगरू जास्ती," असं त्या मावसभावाला म्हणाला म्हणतात. ते शिंगरू शाळेत गेलं, पुढं पुण्याच्या बोर्डिंगात राहिलं, आणि बी. ए. होऊन वेल्ह्याच्या शाळेवर हेडमास्तर होऊन परत आलं. मोठ्या गावची नोकरी मिळाली असती. यांनी वेल्हं मागून घेतलं. राहायला वाडीतच. रोज चालत जायचं, चालत यायचं.

गेनूनं त्यांना एकदा पायवाटेवर गाठलं. गेनू म्हणजे वाडीतला तोंडाळ माणूस. त्याच्या तोंडून सुटला असा कुणी नाही.

"मास्तर, येवडं शिकून परत हितंच यायचं हुतं, तर गेला कशाला?"

"हितं यायला," मास्तर म्हणाले.

गेनूला हे उत्तर पटलं नाही, पण आवडलं.

एकोणीसशे छत्तीस-सदतीसचा सुमार असेल. मोठ्या माणसांना साक्षर करायचं वारं तेव्हा सगळीकडं सुटलं होतं. कुंडलिक मास्तरांनीही होळी झाल्यावर, शाळा सकाळची झाली तेव्हा, भैरोबाच्या देवळात दुपारचा वर्ग काढला. फळा आणला, पाट्या आणल्या. पहिल्या दिवशी झाडून सारी वाडी आली, कारण फुकट काय आहे ते बघायला आपली माणसं येतातच. मास्तरांनी त्यांना शाळेतल्यासारखं ओळीनं बसवलं आणि गेनूला फळ्यापुढं उभं केलं. गेनूनं खडू हातात घेतला, आणि तेवढ्यात त्याची थोरली सून डोक्यावर हंडा घेऊन देवळासमोरनं गेली. सासरा हात वर करून फळ्यापुढं उभा, मागं सगळी हसतायत. सुनेनं पदर पुढं ओढला आणि पाऊल उचललं. गेनूनं खडू जागच्या जागी ठेवला.

"मास्तर, उद्यापास्नं माजी म्हस धाडतो. तिला सून न्हाई."

दुसऱ्या दिवशी देवळात मास्तर आणि भैरोबा, दोघंच.

वर्ग असा बुडाला तो बुडाला. पण त्याच साली आषाढात दुसरं एक घडलं. सोनबा आदल्या वर्षी वारला होता. मास्तर दिवसभर वेल्ह्याला. घरात बायको बनाबाई एकटी. सगळ्यांची खाचरं हिरवी दिसायला लागली आणि रेणुश्यांच्या खाचरात नुसता चिखल. दाढेच्या वाफ्यात भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडत चाललेला.

आमच्या मावळात भाताची लावणी सावडीनं होते. आज सगळी मिळून गेनूच्या खाचरात, उद्या फुलाबाईच्या, परवा चंद्राबाईच्या. त्यात मजुरी नसते. ज्याच्या घरचे हात तुमच्या चिखलात बुडाले, त्याच्या चिखलात तुमच्या घरचे हात बुडाले पाहिजेत. भाऊ चालतो, सून चालते, नवऱ्याच्या जागी बायको चालते. पण हात घरचेच लागतात. पगारी गडी धाडला तर सामोरचा माणूस काही बोलत नाही, त्याला चहापाणी करतो, आणि मनात काय ते समजतो.

बनाबाई एकटी सगळ्या वाडीची सावड कुठून फेडणार? म्हणून ती कुणाला बोलवायलाच गेली नव्हती. तेव्हा फुलाबाई आपणहून दारात आली. फुलाबाई ही रांडावलेली बाई, वयानं मास्तरांच्या आईच्या बरोबरीची, घरची कर्ती तीच. लावणीला बायांची ओळ तिच्या आवाजावर चालायची.

"बनाबाई, उद्या तुमच्या खाचरात येतुया आमी."

"आत्या, फेडू कशी मी? ह्यांचं सगळं वेल्ह्याला."

मास्तर आतून बाहेर आले. "मी रजा काढून येईन चिखलात."

फुलाबाईनं त्यांच्या पांढऱ्या पायांकडं बघितलं. "नगं. बेडकं हसतील. तुमी दुसरं द्या. आमाला अक्षरं द्या. एक दिस आमी तुमच्या चिखलात, एक दिस तुमी आमच्या पाटीवर. पर देवळात न्हाई. ज्याच्या त्याच्या घरी. लावणीला आपुन ज्याच्या त्याच्या खाचरात जातो, का समद्यांची खाचरं उचलून देवळात नेतो?"

असं ते ठरलं. मास्तरांचं खाचर एका दिवसात लावून झालं, आणि भात कापणी-मळणी उरकल्यावर मास्तर घरोघरी आपली सावड फेडत फिरायला लागले.

पुढची दोन वर्षं वाडीत जे चाललं तसं कधी कुणी बघितलं नव्हतं. मास्तर फुलाबाईच्या ओसरीवर बसायचे. ती सूप पाखडता पाखडता अक्षर गिरवायची. बाराखडीपासून सुरुवात नाहीच. आधी खाचरांची नावं, मग बैलांची, मग माणसांची. तिला जेवढं आलं तेवढं ती दुसऱ्या दिवशी ठकुबाईच्या चुलीपुढं बसून ठकुबाईला द्यायची, कारण ठकुबाईचा एक दिवस तिच्या अंगावर होता. ठकुबाई म्हणजे गेनूची बायको. तिच्याकडनं ते गेनूकडं गेलं. कुणी फळ्यापुढं उभं राहिलं नाही, कुणाला लाज वाटली नाही. ज्याला येतं त्यानं ज्याला येत नाही त्याच्या घरी जायचं, पाणी प्यायचं, अक्षर ठेवून यायचं.

गेनूला स्वतःचं नाव लिहायला आलं तेव्हा त्यानं वाडीला भंडावून सोडलं. नांगरावर गेनू, इरल्यावर गेनू, गोठ्याच्या मेढीवर गेनू. ठकुबाई मास्तरांकडं गाऱ्हाणं घेऊन आली.

"त्यास्नी आता माजं नाव तरी शिकवा. भाताच्या कणगीवर बी कोळशानं सवताचं नाव लिवलंय. जसं काय लावणी एकट्यानंच केली."

फुलाबाईला मात्र नावागावात गोडी नव्हती. तिला पोथी वाचायची होती, आणि त्याचं कारणही तिच्यासारखंच. दर श्रावणात देवळात पोथी लागायची. वाडीत वाचणारं कुणी नाही म्हणून खालच्या गावचा एक वाचक शिधा देऊन आणायचे. फुलाबाईचं म्हणणं, तो पानं गाळतो.

"एका साली त्यो राक्षस चार दिस लढला, मास्तर. गेल्या साली येका दुपारीत मेला. त्या दिशी वाचकाच्या घरी पावनं आलं व्हतं. आता मला सवता बगायचंय, राक्षस खरा कवा मेला त्ये."

मास्तर हसले. पण त्यांना हे मनातून फार आवडलं. त्यांनी तिला शब्द दिला की देवळातली पोथी तुमच्या तोंडून वाडीला ऐकवायची, पान न गाळता. त्या पोथीची एक प्रतही तिच्या घरी आणून ठेवली, आणि दुसऱ्या साली श्रावणाच्या तोंडाला ती पोथीशी येऊन भिडली होती. साधे शब्द धडाधड वाचायची. पोथीतले लांबलचक, एकात एक अडकलेले शब्द आले की थांबायची, कपाळाला हात लावायची आणि म्हणायची, "हितं खाचरात दगुड हाय." मास्तर दगड काढून द्यायचे. त्या श्रावणात तिनं देवळात कोपऱ्यात बसून पहिला अध्याय वाचला. राक्षस जन्मला तेवढ्यात महिना सरला.

ही गोष्ट वरपर्यंत गेली. एक मोठे अधिकारी वाडीत येऊन गेले. फुलाबाई ठकुबाईला शिकवते, ठकुबाई गेनूला, हे बघून ते ओसरीवरून उठेनात. जाताना मास्तरांना म्हणाले, "तुम्ही पुण्याला जा. आधी शिक्षकाची बी. टी. करा, मग याच विषयावर निबंध लिहून पुढची पदवी घ्या. परत आलात की इकडच्या सगळ्या प्रौढ वर्गांचं काम तुमच्याकडं. एक वाडी काय घेऊन बसलात, सगळं मावळ शिकेल."

सगळं मावळ शिकेल, हे वाक्य कुंडलिकरावांच्या डोक्यात शिरलं ते निघालं नाही. आणि त्यात वाईट तरी काय होतं? कुणालाही वाटलं असतं. त्यांनी वाडीला विचारलं. वाडी भैरोबाच्या पारावर बसली.

"जावा," गेनू म्हणाला. "तुमी शिकून आला की आमाला पुना शिकवा. आमी काय कुठं पळून जात न्हाई, गड हाय तवर हाय."

"खाचराचं?" बनाबाईनं विचारलं.

"खाचर आमी लावू," फुलाबाई म्हणाली. "हे नसले तरी लावू. आल्यावर फेडतील. मास्तर, माजा राक्षस जित्ता हाय, येवडं ध्येनात ठिवा."

"आल्यावर पहिलं काम तुमची पोथी," मास्तर म्हणाले. त्या वेळी ते मनापासून बोलले. ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हतेच.

पुण्यात कुंडलिकरावांनी जीव तोडून अभ्यास केला. वर्गात बाकीचे शहरातले, वयानं लहान. बाकीच्यांनी मोठ्या माणसांच्या शिक्षणाबद्दल पुस्तकांत वाचलेलं. यांनी ते ओसरीवर बसून केलेलं. प्राध्यापक त्यांना पुढं बोलवून बोलायला लावायचे. मग त्यांनी निबंध लिहायला घेतला. वाडीत जे झालं त्याला त्यांनी नाव दिलं, सावड-पद्धत. त्यात घरोघरी शिकवणं आलं, एकानं दुसऱ्याला देणं आलं, बैलांच्या नावापासून सुरुवात आली. सगळं आलं. आणि एक प्रश्न प्राध्यापकांनी विचारला, त्याचं उत्तरही आलं.

"हे तुम्ही होता म्हणून चाललं. तुम्ही नसताना दुसऱ्या गावी कसं चालेल?"

कुंडलिकरावांनी विचार केला आणि लिहिलं, की शिकवणारा कोणीही असला तरी चालेल, पद्धत मात्र हीच हवी. प्राध्यापकांना ते वाक्य इतकं पसंत पडलं की त्यांनी त्याखाली रेघ मारली. सावडीत वाढलेल्या माणसानं हे वाक्य लिहावं, आणि लिहिताना हात थांबू नये! पण तोवर त्यांना चिखल सोडून बरेच दिवस झाले होते.

इकडं वाडीनं शब्द पाळला. दोन्ही पावसाळ्यांत सगळे जण रेणुश्यांच्या खाचरात उतरले, आपल्या खाचराच्या आधी. कुंडलिकराव दिवाळीला यायचे, सगळ्यांना भेटायचे. फुलाबाई विचारायची, "झालं का?" ते म्हणायचे, "होत आलं." मधल्या दिवसांत ती पोथी घेऊन बसायची, दगड आला की तिथं गवताची काडी ठेवायची. पोथीला गवत फुटल्यासारखं दिसायला लागलं.

पदवी मिळाली, आणि अधिकाऱ्यांनी दिलेला शब्दही खरा झाला. कुंडलिकराव भोरला प्रौढ वर्गांचे मुख्य झाले. हाताखाली मास्तर, बसायला खुर्ची, फिरायला सायकल. वाडीनं ढोल वाजवून त्यांना गावात आणलं. फुलाबाईनं ओवाळलं. गेनू म्हणाला, "आता यास्नी मास्तर म्हनायचं का सायेब?" "मास्तरच म्हणा," ते म्हणाले. चार दिवस राहिले आणि भोरला गेले, कारण कामावर हजर व्हायचं होतं. शिवऱ्यापासून थेट वेल्ह्यापर्यंत गावोगाव वर्ग काढायचे होते.

आपल्या वाडीसाठी त्यांनी सगळ्यांत हुशार मास्तर निवडला. रघुवीर नावाचा भोरचाच तरणा माणूस, वडील कचेरीत, घरातली सगळी शिकलेली. स्वभावानं गरीब, शिकवायला नंबरी. कुंडलिकरावांनी त्याला आपला निबंध वाचायला दिला, सगळं समजावून सांगितलं, आणि वर म्हणाले, "माझी स्वतःची वाडी आहे. तिथं दुसऱ्या कुणाला पाठवलं नसतं." त्यांना खरंच वाटत होतं की वाडीला आपण चांगल्यातलं चांगलं दिलं.

रघुवीर वाडीत पोचला तेव्हा गेनू पारावर बसून दोर वळत होता.

"रामराम. कुनाकडं?"

"मी रघुवीर. इथला प्रौढ वर्ग आता मी घेणार आहे. पहिल्यांदा फुलाबाईंकडे जायला सांगितलंय."

"आसं व्हय. बसा की. मग तुमी आमच्या मास्तरांचं कोन? मेवनं?"

"नाही, नाही. मी भोरचा. साहेबांच्या हाताखाली आहे."

"चुलत-मावस काय?"

"काहीच नातं नाही हो."

गेनूनं दोर वळायचा थांबवला. "म्हंजी पगारी?"

"हो, पगारी. नेमणूक झालीय माझी."

"बसा," गेनू म्हणाला आणि घराकडं तोंड करून ओरडला, "अगं ए, दूध आन. पावनं आल्यात."

रघुवीरला वाडीत काही म्हणजे काही कमी पडलं नाही. दूध मिळालं, घोंगडी मिळाली, जेवायला प्रत्येक घरातून बोलावणं आलं. तो पाटी काढायचा आणि माणसाला काम आठवायचं. फुलाबाईच्या ओसरीवर गेला तेव्हा तिनं पोथी फडक्यात बांधून फळीवर ठेवली. "आज डोस्कं दुकतंय, मास्तर. तुमी च्या घ्या."

महिनाभरानं तो भोरला येऊन कुंडलिकरावांपुढं उभा राहिला.

"साहेब, माणसं फार चांगली आहेत. पण शिकायला कोणी बसत नाही. माझं काही चुकतंय का?"

"काय म्हणतात?"

"काहीच म्हणत नाहीत. फक्त प्रत्येक जण एकदा विचारतो, तुम्ही साहेबांचे कोण?"

कुंडलिकरावांच्या हातातला टाक थांबला. रघुवीरनं पुढं बऱ्याच वर्षांनी सांगितलं, की साहेब त्या वेळी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि त्यांचा चेहरा कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा झाला. पण ते चेहऱ्यापुरतंच. तोंडानं ते म्हणाले, "प्रौढांत असं होतं. पहिला उत्साह ओसरतो. निबंधात मी लिहिलंच आहे. थोडं थांबा." आणि दुसरा कागद पुढं ओढला.

त्यांना कळलं नव्हतं असं म्हणता येणार नाही. आणि त्यातूनही कुणाला शंका असेल, तर पंधरवड्यानं बनाबाई भोरला आली तेव्हा तिनं ती ठेवली नाही. वाडीतलं खाचर आणि गुरं सोडून ती भोरला राहायला गेली नव्हती. तिनं तांदळाचं गाठोडं खाली टेकलं आणि उभ्या उभ्याच विचारलं.

"तुमी सावडीला गडी धाडला?"

"गडी नाही गं तो. चांगला शिकलेला माणूस आहे."

"शिकल्याला गडी. घरचा हाय का? न्हाई. पगारी हाय का? व्हय. मग गडीच की. दोन पावसाळं समदी वाडी वाकली आपल्या खाचरात. आन फेडायला आपन गडी धाडला, ह्ये समद्यास्नी कळलंय. मला म्हनत न्हाईत कुनी काय. नुसती बगत्यात."

"मी येणार आहे. पण आत्ता मुंबईहून पाहुणे यायचेत वर्ग बघायला. साऱ्या तालुक्याचं माझ्यावर आहे."

"तालुका तुमच्या खाचरात आला नव्हता."

कुंडलिकरावांनी गाठोडं उचलून आत ठेवलं. मग म्हणाले, "लावणीच्या आत येतो. रजा काढतो. फुलाबाईची पोथी मी स्वतः घेतो."

बनाबाईनं तो निरोप वाडीत नेला. फुलाबाईनं पोथी फळीवरून काढून झटकली, असं बनाबाई सांगायची.

पाहुणे आले, लांबले. मग शिवऱ्याकडचे वर्ग बघायचे होते. मग अहवाल. मृग गेला, आर्द्रा लागली, खाचरं भरली. कुंडलिकराव रोज उद्या निघायचं म्हणत होते. शेवटी निघाले तेव्हा त्यांनी नवी पोथीसुद्धा बरोबर घेतली होती, मोठ्या ठळक अक्षरांची, फुलाबाईला सोपी जावी म्हणून.

भर पावसात, गुडघाभर चिखल तुडवत ते दुपारच्या वेळी वाडीत पोचले. त्यांचं खाचर लावून होत आलं होतं. सगळी वाडी तिथं होती, इरली पांघरून ओळीनं वाकलेली. त्यांना एकदम उभारी आली. म्हणजे अजून सगळं ठीक आहे. आपण घाबरलो ते उगीच.

बांधावर उभं राहून त्यांनी हाक मारली, "फुलाबाई, आलो बरं का!"

तिनं मान वर केली. "आलात? बेस झालं. पाऊस लई हाय, घरात जावा."

शेवटची मूठ लावून झाली. बनाबाईनं घरी सगळा स्वयंपाक करून ठेवला होता. कोंबडं कापलं होतं, भाताचं भलंमोठं तपेलं उतरवलं होतं. ज्याचं खाचर लावलं त्याच्या घरी त्या दिवशी सगळ्यांनी जेवायचं, ही रीत. जेवण घेतलं म्हणजे मागची सावड पुढं चालू. माणसं ओढ्यावर गेली, हातपाय धुतले, इरली झटकली. आणि एकेक करून आपापल्या घराच्या वाटेला लागली.

आमच्याकडं सावड मोडायला भांडावं लागत नाही. आपल्याकडचा दिवस पुरा करायचा आणि जेवायचं नाही. झालं. ज्याला कळायचं त्याला कळतं.

बनाबाई दारात उभी होती. तिनं कुणालाही हाक मारली नाही. हाक मारायची नसते.

कुंडलिकराव मात्र धावत जाऊन वाटेत आडवे उभे राहिले. अंगावरचा कोट भिजलेला, काखेत पोथी. साऱ्या मावळातल्या मास्तरांचे साहेब.

"गेनूभाऊ, जेवून जा."

"भूक न्हाई, सायेब. पोटात जरा गुबारा धरलाय." गेनूनं पहिल्यांदा त्यांना साहेब म्हटलं, आणि त्यात चेष्टा नव्हती.

"फुलाबाई, मी चुकलो. मी आता महिनाभर इथं राहतो. पोथी आणलीय. आजपासनं बसू."

फुलाबाई थांबली. पावसाचं पाणी तिच्या नाकावरनं गळत होतं. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. तिच्या रागाला ऊब असायची.

"सायेब, तुमी काय वाईट केलं न्हाई. तुमचं काम मोटं झालं. मोट्या कामाच्या मानसानं सावड घालू नये, येवडंच. आमचं बी चुकलं. आमी तुमाला आजून वाडीतलंच समजत व्हतो."

"मी वाडीतलाच आहे."

"मग गडी कशापायी धाडला?"

याचं उत्तर निबंधात नव्हतं. ती त्यांच्या बाजूनं वळसा घालून गेली. तपेल्यातला भात बनाबाईनं संध्याकाळी गुरांना घातला. कोंबडं तिनं आणि कुंडलिकरावांनी खाल्लं, की तेही तसंच राहिलं, हे कुणी विचारलं नाही.

ते खरंच महिनाभर राहिले. रोज फुलाबाईच्या ओसरीवर जायचे. ती पाट टाकायची, पाणी द्यायची, पावसापाण्याचं बोलायची. नवी पोथी त्यांच्या मांडीवर तशीच राहायची, आणि तिची फळीवरून खाली आली नाही. एकदा त्यांनी हात लांबवला तेव्हा ती म्हणाली, "राहू द्या. त्यात धूळ बसलीय, उगा तुमचा कोट घान हुईल." श्रावणात देवळात पोथी लागली. खालच्या गावचा तोच वाचक शिध्यावर आला. कुंडलिकराव भिंतीला टेकून बसले होते, फुलाबाई बायांच्या घोळक्यात. वाचकानं मध्ये एक अख्खं पान उलटलं हे कुंडलिकरावांना कळलं. तिलाही कळलं असावं, कारण तिनं मान हलवली. वाचक पुढं वाचत राहिला.

मग ते भोरला परत गेले. काम पुढं वाढतच गेलं. सावड-पद्धत बऱ्याच गावांत गेली, रघुवीरसारखे मास्तर पगार घेऊन ती चालवायचे, आणि काही गावांत ती बरी चाललीही. माणसं सही करायला शिकली, एसटी सुरू झाल्यावर पाट्या वाचायला लागली. त्याचं श्रेय कुंडलिकरावांचंच. ते नाकारणं बरोबर नाही. सभांमध्ये ते पालीच्या वरच्या वाडीबद्दल बोलायचे, पहिल्या दोन वर्षांबद्दल. त्यापुढचं सांगायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा.

वाडीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं नाही. लग्नकार्याला बोलवायचे, बनाबाई आजारी पडली तेव्हा फुलाबाई तिच्या उशाशी बसली. टाकली ती फक्त सावड. दुसऱ्या साली लावणीला कुंडलिकराव रजा काढून आले. वाडीतलं कुणी येणार नव्हतं आणि कुणाला बोलवायला तोंडही नव्हतं. त्यांनी खालच्या गावातनं रोजानं माणसं आणली आणि स्वतः धोतर खोचून त्यांच्यात उतरले. शेजारच्या खाचरात वाडीची ओळ चालली होती, फुलाबाईच्या आवाजावर. मध्ये एक बांध. इकडची रोजंदारीची माणसं मुकाट लावत होती, त्यांना लवकर उरकून घरी जायचं होतं. तिकडं हसणं-खिदळणं चाललं होतं. कुणीतरी म्हणे, राक्षस मेला त्या दिवशी वाचकाच्या घरी पुन्हा पाहुणे आले होते.

कुंडलिकराव वाकून लावत होते. कंबर भरून आली होती. तेवढ्यात बांधापलीकडनं फुलाबाईची हाक आली.

"सायेब, लई दाट पडतुया तरवा. इरळ करा जरा, न्हाईतर दाना भरनार न्हाई."

त्यांनी वर बघितलं. ती आपल्या ओळीत वाकलेली होती, तिनं मान वर केली नव्हती. ते मागं सरले, लावलेल्यातल्या मुठी उपटल्या आणि पुन्हा लांब लांब लावायला लागले. ओळ पुढं गेली तशी तिचा आवाज लांब गेला.